गोव्याच्या काकांना मत नव्हतं, मला होतं

(मंडळाच्या २०२६ च्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं कापून-छाटून)

नमस्कार मंडळी. तिळगुळाचं ताट मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही असं दिसतंय, येतंय, थांबा जरा. कमिटीचा मला फोन आला की ताई, राजकारणावर बोला पण संक्रांत आहे तेव्हा भांडण लागेल असं काही बोलू नका, आणि विषय काय दिला तर ब्रेक्झिट, ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं! म्हणजे ज्या विषयावरून आपल्यातल्या दोन घरांचं एकमेकांकडे गणपतीला जाणं बंद झालं होतं नेमका तोच. ती दोन्ही घरं आज इथे आहेत आणि शेजारी-शेजारी बसलीत, म्हणून बोलायची हिंमत करतेय.

येत्या २३ जूनला त्या मतदानाला दहा वर्षं होतील. ५१.९ टक्के लीव्ह (बाहेर पडा) विरुद्ध ४८.१ टक्के रीमेन (आत राहा). आपल्या वेस्ट लंडनमध्ये तर बरो, म्हणजे लंडनमधला कौन्सिलचा भाग, बदलला की निकाल बदलत होता. हाऊन्स्लोमध्ये रीमेन जिंकलं ते जेमतेम ५१ टक्क्यांनी, आणि शेजारचं हिलिंग्डन, जिथे हीथ्रो आहे, जिथून आपण बहुतेक सगळे बॅगा ओढत या देशात शिरलो, तिथे ५६ टक्के लीव्ह. स्लाऊमध्येही लीव्ह. तेव्हा 'आपले लोक काय, सगळे रीमेनवालेच' असं जे आता मुलांना सांगितलं जातं ना, ते विसरा. आपल्यात दोन्ही होते आणि लीव्हवाले काही मूर्ख नव्हते, हे मी रीमेनला मत दिलेली बाई सांगतेय.

त्यांचे मुद्दे काय होते ते ज्यांनी ऐकले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एक होता आंब्याचा. हसू नका! २०१४ साली १ मेला, म्हणजे अगदी महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, युरोपियन युनियनने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली कारण पेट्यांमध्ये फळमाशी सापडत होती. आंब्याबरोबर चार भाज्याही गेल्या, वांगी, कारली, पडवळ आणि अळू. अळू हो! ऐन सीझनमध्ये हापूस नाही आणि वर अळूवडी पण नाही, म्हणजे युनियनच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये, बसून कुणीतरी आपलीच पंगत उठवली असं वाटायला लागलं. आंब्याची बंदी पुढच्या सीझनच्या आत उठली, भाज्यांना जास्त थांबावं लागलं. मग २०१६ मध्ये प्रत्येक वादात हे यायचंच, आपण काय खायचं ते ब्रसेल्स ठरवणार का म्हणून. ऐकायला एकदम पटायचं. पण तेव्हा इथलं सरकारच म्हणत होतं की ही माशी इकडे आली तर टोमॅटो-काकडीचं पीक धोक्यात येईल, म्हणजे लंडनला ती बंदी काही फार खुपत नव्हती. आणि बंदी उठवा म्हणून सगळ्यात जास्त आवाज केला तो लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी, मूळ गोव्याचे, आणि ते पडले रीमेनवाले. आज ब्रेक्झिट होऊन इतकी वर्षं झाली तरी बाहेरून येणाऱ्या फळ-भाजीला नियम आहेतच, फक्त ते आता ब्रिटन स्वतःच्या कायद्याने ठरवतं.

करी हाऊसचा मुद्दा पटकन सांगून टाकते. लीव्हचा प्रचार करणाऱ्या तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपातून येणारे कमी झाले की भारतीय उपखंडातून आचारी आणता येतील, रेस्टॉरंटं वाचतील. बरेच मालक त्यावर विसंबले आणि नंतर फसवणूक झाली म्हणून चिडले. पुढे.

खरा मुद्दा आई-बाबांचा होता, आणि तो माझ्याही पोटात दुखायचा. जुलै २०१२ मध्ये, थेरेसा मे होम सेक्रेटरी असताना, म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं इकडे आणायचा नियम इतका कडक केला की तो असून नसल्यासारखाच झाला. आईला अंघोळ-कपडे असं रोजचं काही स्वतःचं स्वतः करता येत नाही हे दाखवायचं, आणि वर हेही दाखवायचं की तिकडे पैसे देऊनसुद्धा ती सेवा मिळत नाही. आता पुण्यात-नाशकात पैसे देऊन बाई मिळत नाही हे कोण सिद्ध करणार? आपण इथे कमावतो हेच आपल्या विरुद्ध जायचं. नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला १८,६०० पौंडांचं उत्पन्न दाखवा. आणि त्याच वेळी शेजारी राहणारा युरोपियन माणूस त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला युरोपच्या कायद्याखाली बोलावून घ्यायचा, कोणी उत्पन्नाची अट घालत नव्हतं. आम्ही टॅक्स भरतो, इंग्लिश बोलतो, आमची आई बाहेर आणि त्याची आत, हा कुठला न्याय, असं ज्यांनी विचारलं त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांना वाटलं युरोपची वाट बंद झाली की आपली आपोआप मोकळी होईल. तसं कधी कोणी लिहून दिलं नव्हतं, पण भाषणांमधून सगळ्या कॉमनवेल्थवाल्यांना तसं वाटू देण्यात आलं.

झालं काय, तर २०२१ नंतर नव्याने आलेल्या पोलिश मुलीला आता तिच्या आईला आणता येत नाही, आणि आपल्याला आपल्या आईला आणता येत नाही ते नाहीच. नवरा-बायकोसाठीची उत्पन्नाची अट उलट २०२४ मध्ये २९,००० वर गेली. समानता आली म्हणायची, सगळे बाहेर.

आता ज्यावर मला खरं बोलायचं आहे ते. २०१६ मध्ये माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, वर्क व्हिसाचा कागद होता, आणि मतदानाचं कार्ड पण आलं. कारण भारत कॉमनवेल्थमध्ये, आणि इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत असतं, तोच नियम रेफरेंडमला लावला होता. आमच्या मागच्या गल्लीत एक गोव्याचे काका राहायचे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात किंवा दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व मिळतं हे तुम्हाला माहीत असेल, साउथॉल, हाऊन्स्लो, तिकडे स्विंडन, असे हजारो गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आले. काकांनी लिस्बन कधी नीट बघितलंही नव्हतं, घरात कोकणी, आमच्याशी मराठी, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्या दिवशी भारतीय नागरिकत्व गेलं, आणि त्याबरोबर कॉमनवेल्थचा हक्कही गेला. म्हणजे बघा, ज्या मतदानावर काकांचं इथे राहणं अवलंबून होतं त्यात काकांना मत नाही, आणि माझ्या व्हिसाचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही त्यात मला मत. तरी आमच्याकडच्या जेवणात कोणी त्यांना विचारलं नाही की तुमचं काय होणार. आम्ही सार्वभौमत्वावर आणि लीव्हच्या प्रचाराच्या त्या लाल बसवर छापलेल्या, युरोपला आठवड्याला जाणाऱ्या ३५ कोटी पौंडांवर भांडत होतो (तो आकडा ब्रिटनला परत मिळणारे पैसे न वजा करता छापला होता, पण ते राहू दे) आणि काका गप जेवत होते. नंतर त्यांना ३० जून २०२१ च्या आत सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे युरोपियन नागरिक म्हणून इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, अर्ज करावा लागला. मिळालं, ठीक झालं.

पार्लमेंटमधली ती सगळी नाटकं, पंतप्रधान झालेल्या थेरेसा मेबाईंचा युरोपशी केलेला करार तीनदा पडला, पहिल्यांदा तर २३० मतांनी, मग त्यांच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सनने पार्लमेंटच बंद ठेवलं आणि सुप्रीम कोर्टाच्या ११ च्या ११ न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, हे सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलंय, त्यात मी वेळ घालवत नाही. पण ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडल्यावर जे झालं ते बघा, कारण ते या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलंय.

जानेवारी २०२१ मध्ये व्हिसासाठी पॉइंट्सची पद्धत आली, जुलैमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा, फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा. प्रचार होता लोकांचं येणं कमी करायचा, आणि २०२३ च्या मध्यापर्यंतच्या एका वर्षात निव्वळ आकडा (आलेले वजा गेलेले) ९ लाखांच्या वर गेला, त्यात सगळ्यात मोठा गट भारतीयांचा. मास्टर्सला आलेली आपली मुलं, केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या आपल्या नर्सिंग शिकलेल्या मुली, आयटीवाली जोडपी. या लोकांना आता पेपरात आणि टीव्हीवर 'बोरिसवेव्ह', बोरिसच्या काळात आलेली लाट, म्हणतात. गेल्या पाच वर्षांत मंडळाची मेंबरशिप वाढली, गणपतीला ढोल वाजवायला तरुण हात मिळाले, ते सगळे बोरिसवेव्ह बरं का. ब्रेक्झिट झालं नसतं तर यातले कितीतरी जण आज ऑस्ट्रेलियाच्या नाहीतर कॅनडाच्या मंडळात तिळगूळ खात असते.

आणि आता आपल्यातलीच जुनी मंडळी काय म्हणतात? परवा किचनमध्ये गुळाची पोळी लाटताना ऐकलं, 'हे नवीन लोक फारच आलेत, आम्ही नियमाने आलो होतो.' अहो, तेही नियमानेच आलेत! फी भरून आलेत. एका प्रौढ माणसाचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची फी, आता वर्षाला १,०३५ पौंड आहे, दोघं आणि दोन लहान मुलं धरली तर पाच वर्षांचे १८ हजार पौंड आधी द्यायचे, मग पगारातून नॅशनल इन्शुरन्स परत वेगळा.

गेल्या मेमध्ये सरकारने व्हाइट पेपर, म्हणजे धोरणाचा कागद, काढला आणि नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव मांडला की कायमचं राहायला, म्हणजे आयएलआर मिळायला, पाचऐवजी दहा वर्षं लागणार. जास्त पगारवाल्यांना कमी, आणि केअर वर्करसारख्यांना पंधरा. जे आधीच इथे आलेत पण ज्यांना अजून आयएलआर मिळालं नाही त्यांनाही लावायचं म्हणतात. चार वर्षं दहा महिने झालेल्या मुलीने काय करायचं सांगा.

इथे मला ज्येष्ठांना एक आठवण करून द्यायची आहे. २००६ चा एप्रिल. तुमच्यापैकी कितीतरी जण एचएसएमपीवर, म्हणजे जास्त शिकलेल्यांसाठीच्या तेव्हाच्या व्हिसावर, आला होतात. चार वर्षांनी सेटलमेंट असं सांगून आणलं आणि मध्येच चारची पाच केली, त्याच वर्षी पुढे एक्स्टेन्शनचे नियमही बदलले. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? सही करताना एक आणि वसूल करताना दुसरं, हे चालणार नाही. वर्गण्या काढल्या, मोर्चे काढले, एचएसएमपी फोरम कोर्टात गेला आणि हायकोर्टात सरकार हरलं, २००८ मध्ये एक्स्टेन्शनच्या आणि २००९ मध्ये चारच्या पाच वर्षांच्या मुद्द्यावर. फक्त एका वर्षासाठी एवढं केलंत! आता पाच वर्षं वाढतायत तर पोळी लाटता लाटता 'बरं झालं' म्हणताय?

बरं, यात फक्त नव्यांचंच आहे असंही समजू नका. सप्टेंबरमध्ये नायजेल फराजसाहेबांच्या रिफॉर्म पक्षाने जाहीर केलं की सत्तेत आलो तर आयएलआर हा प्रकारच काढून टाकू, ज्यांना आधीच मिळालंय त्यांनाही परत अर्ज करावा लागेल, दर पाच वर्षांचा व्हिसा. आता आपल्यात किती जण असे आहेत की वीस-वीस वर्षं इथे आहेत, घर आहे, मुलं ब्रिटिश, पण स्वतःचा भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून आयएलआरवरच थांबलेत? हात वर करू नका, मला माहीत आहेत. यातल्याच एका काकांनी मला सांगितलं की या वेळी मत रिफॉर्मला. मी म्हटलं काका, जाहीरनामा वाचा आणि मग द्या. ते म्हणाले, ते आपल्याबद्दल नाही बोलत गं. मग कोणाबद्दल बोलतात ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

ब्रेक्झिटने आपल्याला काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. भारताबरोबरचा व्यापार करार युरोपात राहून ब्रिटनला एकट्याने करता आला नसता. बोरिस म्हणाले होते २०२२ च्या दिवाळीपर्यंत, ती दिवाळी गेली, त्याच दिवाळीत सुनक पंतप्रधान व्हायचं नक्की झालं, आणि सही झाली ती २४ जुलै २०२५ ला, चेकर्सला, म्हणजे इथल्या पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यात. स्कॉचवरची भारतातली ड्युटी १५० टक्क्यांवरून आधी ७५ होणार याचा आनंद काही चेहऱ्यांवर दिसतोच आहे. पण कंपनीतर्फे तात्पुरत्या आलेल्यांना तीन वर्षं इथला नॅशनल इन्शुरन्स भरायला लागणार नाही, ही तरतूद आयटीवाल्यांच्या जास्त कामाची आहे. हे श्रेय लीव्हवाल्यांना द्या, मी पण देते.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आटपते. ७ मेला लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये कौन्सिलच्या निवडणुका आहेत. स्टुडंट असा, ग्रॅज्युएट व्हिसावर असा, केअर व्हिसावर असा, भारतीय नागरिक म्हणून तुम्हाला मत आहे, कौन्सिलला पण आणि पार्लमेंटला पण, आणि निम्म्या मुलांना हे माहीतच नसतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकार मंडळींना पार्लमेंटला मत नाही, पण कौन्सिलला आहे, पोर्तुगालशी तसा करार आहे. दाराजवळ टेबलावर दोन लॅपटॉप ठेवलेत, नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर फोनमध्ये शोधून ठेवा म्हणजे रांग लांबणार नाही. आणि कृपा करून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांची नावं घालू नका, मागच्या वेळी एकाने विचारलं होतं. सेटलमेंटच्या प्रस्तावावर आपलं म्हणणं पाठवायची शेवटची तारीख १२ फेब्रुवारी आहे, त्यासाठी तिसरा लॅपटॉप, तिथे ज्येष्ठांनी पण बसा, २००६ ची कागदपत्रं कोणाकडे असतील तर ती आणा, मुलांना दाखवायची आहेत. मत कोणाला द्यायचं ते घरी जाऊन भांडा.

हां, आणि तिळगुळाचं ताट अजून मागे गेलं नाही, कोणीतरी उठा.