मरुतची कंबर

[दृश्य: पहाटेचे पाच. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराची माडी. टेबलावर वजनकाटा, दोन कागदी कप, निळ्या सिलिकॉनचा साचा.]

मे महिन्यातल्या नागपुरात या माडीवर काम चालतं ते फक्त या वेळेला. दुपारी पारा 45 अंशांकडे सरकतो, आणि मग इथे काहीच ओतता येत नाही. दोन बाटल्यांतली द्रव्यं कपात मिसळली की रेझिन, म्हणजे साच्यात ओतायचं प्लास्टिक, घट्ट व्हायला लागतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की ही घाई जवळपास दुप्पट होते. साच्याच्या टोकापर्यंत पोचायच्या आधीच कपात दगड तयार.

या कपातून जे तयार होतंय ते एक विमान आहे. लांबी बावीस सेंटिमीटर. खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. नाव मरुत.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो, एकावर एक.]

एचएफ-24 मरुत हे भारतात आरेखन होऊन भारतातच घडलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंते कुर्ट टँक 1956 साली बंगळूरला आले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमधल्या आपल्या मंडळींसोबत त्यांनी हे काम हाती घेतलं. विमान बनवण्याआधी त्यांनी काय केलं, ते मला फार आवडतं. त्यांनी पूर्ण आकाराचं लाकडी मरुत बनवलं. इंजिन नाही, नुसतं ग्लायडर. 1959 मध्ये डकोटा जातीच्या एका वाहतूक विमानाने ते दोरीने ओढत आकाशात नेलं आणि सोडून दिलं. हवेत ते कसं वागतं ते अनेक उड्डाणांत पाहून घेतलं, आणि मग 17 जून 1961 रोजी खरं मरुत उडालं.

ते ओढणारं डकोटा ज्या जातीचं, त्या जातीच्या विमानांशी नागपूरची ओळख जुनीच. 1949 पासून रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, पोती बदलायची आणि आपापल्या गावी परत फिरायची. देशाच्या मधोमध असण्याचा हा आमचा जुना मान.

एकूण 147 मरुत बनली. 1971 च्या युद्धात ती राजस्थान आघाडीवर लढली. 1990 साली निवृत्त झाली. आता संग्रहालयांत आणि आवारांत उभी आहेत, पावसाउन्हात रंग उडवत.

[दृश्य: माडीवरचा प्रिंटर, जांभळ्या प्रकाशात थर चढताना.]

मरुतचा हा संच, म्हणजे घरी जोडायच्या मॉडेलचे सुटे भाग, बनवणारे दोघं भाऊ आहेत. थोरला यंत्रशाळेत काम करतो, धाकटा कॉम्प्युटरवर आरेखन. शाळेत असल्यापासून परदेशी कंपन्यांचे संच जोडत आले. आपल्या विमानाचा संच आपणच काढू, असं तीन वर्षांपूर्वी ठरलं. पोलादी साच्याचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. म्हणून पहिला नमुना प्रिंटरवर काढायचा, त्याच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. असा साचा वीस-पंचवीस वेळा ओतल्यावर फाटायला लागतो. मग नवा.

त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली तीच खरी गोष्ट आहे. विक्रीआधी त्यांनी बारा कच्चे संच बारा घरी पाठवले. बरोबर एक कोरी वही. जोडताना जे खटकेल ते त्याच क्षणी लिहायचं, नंतर आठवून नाही.

[दृश्य: टेबलावर बारा वह्या. एकीवर चहाचा डाग, एकीवर लाल रंगाचा अंगठा.]

पहिली तक्रार फोडांची. पंखांवर, नाकावर, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. भावांनी हवा काढायचा पंप बदलला, बाटल्या बदलल्या. सहा आठवडे गेले. शेवटी अमरावतीच्या एका मित्राने फोनवर एकच प्रश्न विचारला, "ओतताना खोलीत कूलर चालू असते का?"

चालूच असतो. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवतो कोण? पण या रेझिनच्या एका घटकाला पाण्याचं वावडं आहे. ओलावा लागला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तोच बुडबुडा होऊन पंखात अडकतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, ओली हवा सरळ कपावर येत होती. त्या दिवसापासून पहाटे पाच, कूलर बंद, अंगातून घामाच्या धारा.

[दृश्य: वायुसेनानगरच्या बाहेरचा रस्ता. एक वृद्ध गृहस्थ स्कूटर लावताना.]

नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. त्यामुळे विमानांना हात लावलेली माणसं या शहरात गल्लोगल्ली भेटतात. हे काकाजी त्यांतलेच. तरुणपणी मरुतच्या देखभालीत होते. भावांनी जोडलेलं मॉडेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल डोळ्यांजवळ आणलं, अंगठ्याने पाठीवरून पुढे-मागे चाचपलं.

"याची कंबर कुठं गेली बे?"

धाकटा म्हणाला, "काकाजी, नकाशाबरहुकूमच काढलं आहे."

"नकाशा चुकला असंन. माह्या हाताले आठवते."

मरुतला खरंच कंबर आहे. ध्वनीच्या वेगाजवळ जाणाऱ्या विमानात, जिथे पंख जोडले जातात तिथे धड मुद्दाम आवळतात. पंखाने वाढलेलं क्षेत्रफळ धडातून वजा होतं आणि हवेचा अडथळा कमी होतो. मॉडेलमध्ये ती जागा भरलेली होती.

चूक सापडायला दोन आठवडे लागले, आणि सापडली ती पेनाच्या रेघेत. त्यांच्याकडचा नकाशा प्रतीवरून काढलेली प्रत होता. त्यावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड. मोजताना दोन्ही बाजूंना रेघेची बाहेरची कड धरली गेली. म्हणजे मॉडेलमध्ये एक मिलिमीटर जास्त, खऱ्या विमानात 72 मिलिमीटर. तेवढी चरबी अंगभर चढली होती. बाकी ठिकाणी खपून गेली, कंबरेला दिसली. शिवाय प्रती काढता काढता तिथली वळणंही कुणीतरी सरळ करून टाकलेली.

मग वरून घेतलेले जुने फोटो जमवले. पंखांची रुंदी नक्की ठाऊक आहे, 9 मीटर. तीच पट्टी धरून प्रत्येक फोटो मोजला. थोरला एका शनिवारी मुंबईला गेला. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत उभं आहे. त्याने ते लांब लेन्सने, शक्य तितकं दुरून टिपलं, कारण जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मागचं अंग आक्रसतं. हवा आत घेणाऱ्या तोंडांतले अर्धे शंकू त्या फोटोंवरून नव्याने काढले.

[दृश्य: सुईने पंखावर रेघ कोरताना, अगदी जवळून.]

पत्र्यांच्या सांध्यांवरून मात्र वह्यांमध्ये भांडण आहे. पुण्याच्या वहीत लिहिलंय, रेघा फार खोल. कोल्हापूरच्या वहीत लिहिलंय, रंगाखाली बुजतात, अजून खोल हव्यात. हिशेब केला तर 0.2 मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानात चौदा मिलिमीटरची फट होते. अशा फटी ठेवून कुठलंच विमान उडणार नाही. पण खरं माप धरलं तर रेघ डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणजे इथे खोटं बोलल्याशिवाय खरं दिसत नाही. भावांनी पुण्याचं ऐकलं. मीही त्याच बाजूचा आहे.

[दृश्य: एक शाळकरी मुलगी, जेवणाच्या टेबलावर, जीभ दातांत धरून.]

बारा वह्यांतली सर्वांत कामाची वही हिची. वय तेरा, याआधी एकही विमान जोडलेलं नाही. बाकीचे अकरा जण सूचना न वाचताच जोडतात, सवयीने. हिने प्रत्येक ओळ वाचली आणि सांगितलं तेवढंच केलं. धडाचे दोन भाग चिकटवले. पान उलटलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं, आता नाकात वजन भरा.

नाकात वजन नसेल तर तीन चाकांचं मॉडेल शेपटीवर बसतं. हिचं बसलं. वहीत तिने लिहिलं, "दादा, हे आधी सांगायला पाहिजे होतं." त्याखाली विमानाचं चित्र, नाक वर.

सूचनापत्र पूर्ण बदललं. वजनाची पायरी आता पहिल्या पानावर आहे, चौकटीत. आणि वजन शोधायला कुणाला हिंडायला नको म्हणून पाकिटात सायकलचे छर्रे घातलेत, मोजून.

[दृश्य: पुन्हा माडी. उजाडतंय. साचा उघडला जातो.]

हे सुधारलेल्या साच्यातलं पहिलं धड. आज काकाजी पहाटेच आलेत, कूलरविना घाम पुसत बसलेत. थोरला धड त्यांच्या तळहातावर ठेवतो. अजून कोमट आहे.

अंगठा पाठीवरून खाली येतो. पंखाच्या जागी थांबतो, आत उतरतो, पुन्हा वर चढतो.

काकाजी काही बोलत नाहीत. अंगठा परत मागे नेतात, आणि पुन्हा एकदा तिथून फिरवतात.