मान्यतेस्तव सादर

(पडद्यावर: पावसाळी सकाळ. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पायाशी गढूळ पाणी.)

गोदावरीला पाणी किती आलं, हे नाशिककर आकड्यांत विचारत नाही. तो विचारतो, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मागाहून बातम्यांत कळतं. तोवर सराफ बाजारातल्या आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी मारुतीकडे एक नजर टाकून माल वरच्या फळीवर चढवलेला असतो.

महापालिकेतलं काम कुठवर आलंय हे सांगणारा मारुती मात्र कुठे नाही. त्यासाठी कागदामागे हिंडावं लागतं. आम्ही दोन कागद धरले. एक जन्माचा दाखला आणि दुसरी गटारीच्या ढाप्याची तक्रार.

(पडद्यावर: विभागीय कार्यालयाचा जिना. भिंतीवर नागरिकांच्या सनदेचा फलक.)

नाशिक महापालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडवर, राजीव गांधी भवनात. पण सामान्य माणूस तिथवर क्वचितच जातो. त्याचं काम पडतं ते विभागीय कार्यालयाशी. असे विभाग सहा. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक. या शेवटच्याला आजही सगळे सिडकोच म्हणतात, रिक्षावाल्यापासून अधिकाऱ्यापर्यंत.

सकाळचे साडेदहा. जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी.

खिडकी एकच आणि रांगही एकच. पुढच्या माणसाच्या पिशवीतून पेढ्यांचा पुडा डोकावतोय. त्याच्या मागच्याचं डोकं नुकतंच भादरलेलं आहे. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघांच्याही हातात दवाखान्याचा कागद आहे आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला जाणार आहे, "किती प्रती हव्यात?"

त्यांच्या मागे एक बाई उभी आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून पहिल्या एसटीने निघालेली. सोबत सहा वर्षांची मुलगी.

"ताई, दाखला तर निघालाय की तुमचा," खिडकीतला लिपिक म्हणतो.

"निघालाय हो भाऊ. पण त्याच्यावर पोरीचं नावच नाही. शाळेत चालत नाही म्हणतात."

दाखल्यावर आईचं नाव आहे, बापाचं आहे, जन्माची तारीख आहे. मुलीच्या नावाची जागा कोरी.

यात चूक कुणाचीच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. तेवढ्यात केली तर पैसे पडत नाहीत. नंतर जन्माला तीस दिवस होईपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरच्यांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून दवाखाना घाईने माहिती कळवून मोकळा होतो. पण नाव ठेवायचं असतं आत्याने. आत्या सवडीने येणार. बारसं लांबतं, कागद पुढे जातो, आणि मूल सरकारदरबारी निनावी राहतं.

कायद्यालाही ही आत्या माहीत असावी. कारण नाव नंतर चढवायची मुभा त्यात आहे. वर्षभर विनाशुल्क, पुढे थोडं शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

पण पेठची बाई नाशिकच्या खिडकीवर का? जन्म असो की मृत्यू, नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे. राहायला तुम्ही कुठेही असा. बाळंतपण नाशिकच्या खासगी दवाखान्यात झालं, म्हणजे दाखला नाशिक महापालिकेचा. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, जिथून जिथून माणसं उपचारासाठी या शहरात येतात, तिथल्या जन्ममरणाची पुस्तकं इथे भरली जातात. या रांगेतल्या कितीतरी जणांनी नाशिकची घरपट्टी कधी भरलेली नाही, की इथल्या नगरसेवकाला मत दिलेलं नाही. तरी त्यांचं आयुष्य इथून सुरू होतं, आणि पुष्कळदा संपतंही इथेच.

संपण्याचंही सांगायला हवं. अमरधाममध्ये अंत्यसंस्काराला लागणारं लाकूड नाशिक महापालिका मोफत देते. शहराबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो, खरंच?

बाईचं आज काम होत नाही. अर्ज हवा, आईवडिलांची ओळखपत्रं हवीत, जुना मूळ दाखला हवा. मूळ दाखला घरी, पत्र्याच्या पेटीत. "पुढच्या आठवड्यात येते," ती म्हणते. मुलगी तोवर समोरच्या बाकावर बसून फलकावरची अक्षरं जोडून वाचतेय. ना-ग-रि-क.

(पडद्यावर: घरपट्टीचा भरणा. हातात पावत्या.)

घरपट्टीच्या खिडकीवर फार रेंगाळायला नको. एप्रिलमध्ये भरली तर सूट जास्त, मेमध्ये कमी, जूनमध्ये त्याहून कमी. म्हणून १ एप्रिलला इथे पहिला नंबर लावतात ते निवृत्त लोक, आणि त्यांची आपसांत ओळखही असते. एवढं मात्र ध्यानात ठेवायचं. एके काळी शहराच्या वेशीवर जकात नाके होते, ट्रकच्या रांगा लागायच्या आणि पैसा रोजच्या रोज तिजोरीत पडायचा. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांचा सुटला, २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. आता त्या बदल्यातलं अनुदान राज्याकडून येतं. स्वतःच्या हाताने वसूल करायचं म्हणून जे उरलं, त्यात घरपट्टी मोठी. ती वाढवायची म्हटली की शहर का पेटतं आणि वाढवली नाही की लेखा विभाग का कपाळाला हात लावतो, ते यावरून कळावं.

(पडद्यावर: अरुंद गल्ली. गटारीच्या चेंबरवर उलटी ठेवलेली बादली, तिच्यात खोचलेली झाडाची फांदी.)

आता ढापा.

ढापा म्हणजे गटारीच्या चेंबरवरचं झाकण. नाशिकमध्ये त्याला कुणी दुसरं नाव घेत नाही. या गल्लीतला ढापा मधोमध तडकला आणि एक तुकडा आत पडला. कुणीतरी बादली उलटी ठेवली, त्यात फांदी खोचली. आपल्याकडे धोक्याची खूण हीच. महापालिकेची गाडी येण्याआधी शेजारपाजार ती लावून मोकळा होतो.

तक्रार मोबाइलवरून जाते. फोटोसह. क्रमांक मिळतो. तिथून पुढचा प्रवास कुणी दाखवत नाही, म्हणून आम्ही एका अनुभवी कनिष्ठ अभियंत्याला तो समजावून सांगायला लावला. त्यांनी टेबलावरचा चहाचा कप बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर चौकोन काढले.

पहिली स्थळपाहणी. अभियंता किंवा मुकादम जाऊन बघतो. ढापा गेलाय, की चौकटही खचलीये? नुसता ढापा असेल तर सोपं. वर्षभराच्या दरकराराचा ठेकेदार असतो, त्याला सांगायचं, तो बसवून जातो. चौकट खचली असेल, खालची वीट ढासळली असेल, तर ते दुरुस्तीचं काम. मग प्राकलन. किती सिमेंट, किती खडी, किती मजूर. मग लेखाशीर्ष. म्हणजे हा खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या नावाखाली टाकायचा. त्या नावाखाली तरतूद शिल्लक आहे का, हे लेखा विभाग सांगणार. मग टिपणी.

टिपणी हा या सगळ्याचा प्राण. डाव्या बाजूला समास सोडलेला कागद. काय झालं, काय करायचं, किती लागेल, आणि शेवटी ठरलेले दोन शब्द. "मान्यतेस्तव सादर." खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, तिच्या वर चढत जाणाऱ्या सह्या, उपअभियंता, कार्यकारी अभियंता. रक्कम जितकी मोठी तितका कागद वर चढतो. नदीच्या पाण्यासारखाच. छोट्या कामाचा गुडघ्यापाशी थांबतो, मोठ्याचा आयुक्तांपर्यंत जातो, त्याहून मोठा स्थायी समितीच्या टेबलावर.

"आणि समासात शेरा आला तर?"

अभियंता हसले. "'चर्चा करावी' असं लिहून आलं की समजायचं, कागद परत खाली."

मंजुरीनंतर कार्यादेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद. मग देयक. ठेकेदाराच्या खात्यात पैसे पडेपर्यंत त्या ढाप्यावरून किती स्कूटर गेल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

लोखंडी का नाही बसवत, हेही विचारलं. लोखंडी ढापा रात्रीत भंगारात जातो. म्हणून काँक्रीटचा. काँक्रीटचा चोरीला जात नाही, पण मालवाहू गाडीचं चाक गेलं की तडकतो. दोन्हींत कमी वाईट ते निवडलं आहे. शहरातली बरीचशी कामं अशीच ठरलेली दिसतात, आणि आम्हाला तरी त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

(पडद्यावर: सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या, ध्वनिक्षेपकांची रांग.)

बातम्यांत महापालिका दिसते ती इथे. महासभा.

कायदा महाराष्ट्र महानगरपालिकांचा, १९४९ चा. दर महिन्याला निदान एक साधारण सभा, तीही २० तारखेच्या आत. सात पूर्ण दिवस आधी विषयपत्रिका सदस्यांच्या हाती. सभा सुरू झाली की बहुधा आधी दुखवट्याचे ठराव येतात. कधीकधी त्यातच सभा तहकूब होते. मग मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं. मग विषय.

इथे एक गंमत कान देऊन ऐकण्यासारखी असते. प्रभागातला पथदीप बंद आहे, यावर अर्धा तास भाषण. कुत्र्यांचा बंदोबस्त, यावर पाऊण तास. आणि कोट्यवधींच्या कामाचा विषय पुकारला जातो तेव्हा बाकांवरून एकच शब्द, "मंजूर." पुढचा विषय. "मंजूर." पथदीप प्रत्येकाला कळतो, नळजोडणीच्या निविदेतली अट क्रमांक अमुक वाचायला रात्र जागवावी लागते. आरडाओरडा झाला, राजदंडाकडे कुणी धावलं, तर ती बातमी. खरी बातमी पुष्कळदा "जादा विषय" म्हणून शेवटी आलेल्या दोन पानांत असते.

पैशांचं खरं टेबल मात्र स्थायी समितीचं. सदस्य १६. दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. बैठक आठवड्याला. तिजोरीच्या चाव्या स्थायीकडे, असं मराठी वर्तमानपत्रं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहेत. वाक्य गुळगुळीत झालं, पण चूक ठरलं नाही. आणि महासभेने केलेला ठराव कायद्याला किंवा लोकहिताला धरून नाही असं वाटलं, तर राज्य सरकार कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. म्हणजे सभागृहाच्या वरही एक समास आहेच.

(पडद्यावर: मेनरोडवरची जुनी इमारत.)

नाशिकला नगरपालिका आली १८६४ साली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एक करून महापालिका झाली ती ७ नोव्हेंबर १९८२ ला. पण पहिली निवडणूक १९९२ मध्ये. पहिली दहा वर्षं कारभार प्रशासकांचा.

पुढे तसंच पुन्हा घडलं. ३१ प्रभागांतून निवडून आलेल्या १२२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि निवडणूक लांबत लांबत जानेवारी २०२६ पर्यंत गेली. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी प्रशासकांची, माणूस एक. तेव्हा "प्रशासकीय महासभा" असा शब्द रूढ झाला. महासभा म्हणायची, पण बाकांवर कुणी नाही.

काम अडलं का? आम्ही ज्यांना विचारलं त्यातले काही म्हणाले, उलट भराभर झालं, मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. काहींनी हेच वाक्य तक्रार म्हणून सांगितलं. गल्लीत मात्र लोक फोन करत राहिले ते माजी नगरसेवकांनाच. त्यांच्या दारावरची पाटी कुणी उतरवली नव्हती, आणि ढापा तडकला की माणूस आधी कुणाला तरी नावाने हाक मारू बघतो.

आता शहराचं लक्ष सिंहस्थाकडे. २०२७ चा कुंभमेळा, त्याचे रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण केंद्रं. मोठ्या बैठका आणि मोठे आकडे. ती कथा वेगळी आहे, आणि ती सांगायला पुष्कळ कॅमेरे येतील. त्या वर्षीही पहाटे घंटागाडी निघेल आणि साडेदहाला खिडकी उघडेल.

(पडद्यावर: तीच गल्ली.)

ढापा बसला. नवा काँक्रीटचा, कडेला अजून ओला. बादली तिच्या मालकिणीने उचलून नेली. "फुटली नाही, नशीब," एवढंच बोलली. फांदी तिथेच पडून आहे.

(पडद्यावर: जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी.)

पेठची बाई परत आली आहे. मूळ दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. मुलगी या वेळी फलकाकडे बघत नाही, खिडकीच्या कठड्याला लोंबकळून आत बघतेय. लिपिकाने मराठीतलं नाव टंकलं. दाखला दोन भाषांतला, म्हणून तो थांबला.

"ताई, इंग्रजीत कसं लिहायचं? शेवटी आय की डबल ई?"

बाईने मुलीकडे पाहिलं. मग पिशवीतून मोबाइल काढला आणि नवऱ्याला लावला. रिंग जात राहिली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. लिपिकाने की-बोर्डवरचा हात उचलला आणि थांबला.

"उचलतील," बाई म्हणाली. "शेतात असतील."