7 लाखांचं अनुदान असतं कुठे?

(दृश्य: डाळ मिल सुरू आहे. एमरी रोलर जवळून.)

तूर आधी चाळणीत जाते, मग खडे वेचणाऱ्या डिस्टोनरमध्ये, तिथून या रोलरवर. रोलर सालीला ओरखडे पाडतो. मग तेलाचा हात लावायचा, वाळवायची आणि फोडायची. अशा छोट्या मिलचा खर्च आपण 20 लाख धरू. यंत्रं 11, शेड 3 आणि तूर खरेदीसाठी खेळतं भांडवल 6. जमीन यात नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीमध्ये, जमिनीची किंमत प्रकल्पात धरताच येत नाही.

नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि सरकारचं अनुदान देणारी ही योजना 2008 सालची. प्रकल्पाचा खर्च उत्पादन उद्योगात 50 लाखांपर्यंत, सेवा व्यवसायात 20 लाखांपर्यंत चालतो. अर्ज ऑनलाइन, प्रकरण पुढे सरकतं ते खादी आयोग, खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. उद्योग मात्र नवा हवा. चालू मिलला नवी पाटी लावून भागत नाही.

(दृश्य: नकाशा. अकोला आणि वाशिम.)

आता मिल अकोला जिल्ह्यातल्या गावात टाका. मालक खुल्या प्रवर्गातला पुरुष असेल तर अनुदान 25 टक्के, म्हणजे 5 लाख. स्वतःचे 10 टक्के, म्हणजे 2 लाख. तोच माणूस शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या गावात गेला तर अनुदान 35 टक्के, 7 लाख. स्वतःचा फक्त 1 लाख. कारण वाशिम आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे विकासात मागे राहिलेला म्हणून केंद्र सरकारने निवडलेला. गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवसुद्धा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगांना हाच दर कुठल्याही जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मिळतो. शहरात तो 25 टक्क्यांवर येतो.

(दृश्य: बँकेचा काउंटर.)

अनुदान आलं म्हणून पेढे वाटले जातात, तेव्हा ते मालकाच्या हातात नसतंच. वाशिमच्या मिलला बँक 19 लाख कर्ज देते. सरकारचे 7 लाख येतात ते त्याच बँकेत, मालकाच्या नावे टीडीआर म्हणजे मुदत ठेव म्हणून, 3 वर्षांसाठी. या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जातल्या तेवढ्या रकमेवर लागतही नाही. म्हणजे व्याज 12 लाखांवर. पण ठेव येईपर्यंत ते पूर्ण रकमेवर धावतं! उद्योजकता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँकेला मार्जिन मनीची, म्हणजे या अनुदानाची, मागणीच करता येत नाही, म्हणून कर्ज मंजूर झाल्या झाल्या प्रशिक्षण उरकून घ्यावं.

खरी गोची खेळत्या भांडवलात आहे. नियम सांगतो, सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) मर्यादा 3 वर्षांत एकदा तरी पूर्ण उचललेली दिसली पाहिजे आणि वापर 75 टक्क्यांच्या खाली नको. आपल्या मिलची मर्यादा 6 लाख, म्हणजे साधारण साडेचार लाख वापरात हवेत. तूर बाजारात येते जानेवारीनंतर. तेव्हा 6 लाखही अपुरे पडतात. पावसाळ्यात मिल थंड, माल विकून पैसे खात्यात परत, वापर घसरलेला. तपासणीत हे दिसलं की अनुदानाचा तेवढा भाग परत जातो. अनुदान वाढावं म्हणून सीसी फुगवून मागणाऱ्यांना हा नियम बरोबर गाठतो. वर्षभर फिरेल तेवढीच मर्यादा मागितलेली बरी. शिवाय तुरीच्या जोडीला हरभरा धरला तर मिलही कमी महिने बंद राहते.

दुसरी अडचण विजेची. प्रकल्प अहवालात यंत्रांचे कोटेशन असतात, पण थ्री फेज जोडणीचा अर्ज राहून जातो. यंत्रं येतात, शेडमध्ये झाकून ठेवली जातात आणि व्याज सुरू होतं. जोडभार ठरवताना सगळ्या मोटारींची अश्वशक्ती मोजावी, एकट्या रोलरची नाही. कोटेशनही विक्रेत्याने फुगवलेलं नको. बँकेचा अधिकारी बाजारभाव विचारतो, आणि संशय आला की फाइल तिथेच अडकते.

(दृश्य: शेडमध्ये पाहणी, मोबाइलवर फोटो.)

3 वर्षांनंतर प्रत्यक्ष पाहणी होते. मिल जागेवर आणि चालू असेल तर टीडीआर कर्जखात्यात वळता होतो. पुढे कर्ज फिटलं आणि उद्योग नफ्यात राहिला, तर विस्तारासाठी 1 कोटीपर्यंतचं दुसरं कर्ज मागता येतं. त्यावरचं अनुदान 15 टक्के असतं.