चाक तासणाऱ्याचे माप

वर दिवाणखान्यात प्राचीन चीनमधल्या छी राज्याचा अधिपती ह्वान वाचत बसला आहे आणि खाली ब्येन नावाचा सुतार चाक तासतो आहे. हातोडा आणि पटाशी खाली ठेवून तो वर येतो आणि महाराज काय वाचत आहेत, असे विचारतो. ऋषींची वचने, असे उत्तर मिळते. ते ऋषी हयात आहेत का? नाहीत. मग महाराज वाचत आहेत तो त्या गेलेल्या माणसांचा केवळ चोथा आहे, असे ब्येन म्हणतो. मूळ चिनी शब्द मद्य गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचा आहे. याचा खुलासा कर, नाहीतर मरशील, असे अधिपती संतापून बजावतो.

ताओवादी, म्हणजे निसर्गाच्या सहज वाटेने जगावे असे मानणारा, विचारवंत च्वांग त्झू इसवी सनपूर्व चौथ्या शतकात होऊन गेला. त्याच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथाच्या 13व्या प्रकरणात ही गोष्ट येते.

ब्येन आपल्या कामातले उत्तर देतो. हात फार संथ चालला, तर काम सैल राहते आणि पक्के बसत नाही; घाई केली, तर ते अडते आणि आत शिरत नाही. या दोहोंमधली गती हाताला सापडते, मनाला पटते, पण तोंडाने सांगता येत नाही. तरीही त्यात एक माप आहे. आपल्या मुलालाही ते समजावता येत नाही आणि मुलाला ते घेता येत नाही, म्हणून सत्तरी आली तरी चाके आपणच तासतो आहोत, असे तो सांगतो.

ही गोष्ट ग्रंथवाचनाची निंदा म्हणून अनेकदा सांगितली जाते. आम्हांला मात्र त्यातला ‘माप’ हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जे सांगता येत नाही ते मोघमच असले पाहिजे, ही आपली समजूत हा म्हातारा सुतार मोडून काढतो.

अशाच नेमकेपणाची दुसरी गोष्ट त्याच ग्रंथात आहे. तिसऱ्या प्रकरणातल्या डिंग नावाच्या खाटकाची सुरी 19 वर्षे वापरात आहे, हजारो बैल तिने कापून सुटे केले आहेत आणि तरी तिची धार नुकतीच दगडावर लावल्यासारखी आहे. सुरुवातीला त्याला समोर अख्खा बैल दिसे. तीन वर्षांनंतर तसा दिसेनासा झाला. आता सांध्यांमधल्या मोकळ्या फटींतून सुरी आपली वाट काढते. मात्र गुंतागुंतीची जागा आली, की एवढा मुरलेला माणूसही सावध होतो, नजर स्थिर करतो, हात मंदावतो, सुरी किंचित हलवतो, आणि मातीचे ढेकूळ जमिनीवर पडावे तसे सारे सुटून येते. मग तो सुरी घेऊन उभा राहतो, चहूकडे पाहतो आणि ती पुसून ठेवून देतो.