बाळाच्या पाळण्यात तलवार कशाला?

मंडळी, शिवजयंतीसाठी शिवबाचा पाळणा, म्हणजे त्याच्या बारशाचं गाणं, बसवताना तालमीत बालवर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाळाला झोपवायचंय ना, मग तलवारीचं का सांगतात?" कुणी उत्तर दिलं नाही, ट्रॅक पुन्हा सुरू झाला. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

जुलै 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे निजामशाहाच्या दरबारात, देवगिरीवर मारले गेले. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर बाळ जन्मलं. मोगल फौजा दख्खनेत उतरत होत्या, शहाजीराजे धामधुमीत होते, आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. बाळंतपण गडावर झालं ते या लढायांच्या धास्तीपोटी.

आता रचना पाहा. आपल्या पारंपरिक पाळण्यात दिवसागणिक कडवं असतं. पहिल्या दिवशी जन्म, पाचव्या दिवशी सटवाई, बाराव्या दिवशी बारसं. पाचवीची रात्र जागून काढायची, दिवा विझू द्यायचा नाही, कारण कोवळी बाळं पहिल्या काही दिवसांतच दगावत. म्हणजे लढाई यायच्या आधीच या गाण्यात काळजी भरलेली आहे. शिवबाच्या पाळण्यात अफजलखान आला की ओळखावं, कडवं मागाहून रचलंय. खान आला 1659 मध्ये, तेव्हा महाराज 29 वर्षांचे होते. रचणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक आहे. गाण्यातल्या आईला मात्र उद्याचाही भरवसा नाही. तिच्या तोंडची तलवार म्हणजे बाळ जगावं, मोठं व्हावं, एवढीच आस. मुलांना शिकवताना ओळी दोन रंगांत लिहून द्या: बारा दिवसांतलं एका रंगात, पुढचा इतिहास दुसऱ्या. अर्थ आपोआप सुटतो.

आणि आपण काय करतो? वेळ कमी म्हणून पहिलं आणि शेवटचं कडवं ठेवतो. पाचवी गाळतो, म्हणजे गाण्याचा जीवच गाळतो. वर ढोल! पाळण्याची लय झोक्याची. ‘जो जो’ लांबवायला श्वास पुरला पाहिजे. ढोलाच्या गतीत मुलं ओरडू लागतात, शब्द तुटतात. ढोल हवाच असेल तर शेवटचं कडवं संपल्यावर वाजवा.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. इथे परदेशातल्या शाळांत आपल्या मुलांशेजारी आज युद्धातून निघून आलेली मुलं बसतात. त्यांना कार्यक्रमाला बोलावलं, तर पाळणा जयजयकारापर्यंत न्यायचा की बारशाला थांबवायचा? तालमी सुरू व्हायच्या आधी यावर बसून बोलूया.