अंडी घेताना एक, मत देताना दुसरं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात अंडीवाल्याकडे दोन ट्रे शेजारीशेजारी दिसतात. एकात पांढरी अंडी, दुसऱ्यात तपकिरी, वर खडूनं लिहिलेलं ‘गावरान’. गिऱ्हाईक विचारतं, “गावरान कशी दिली?” भाव ऐकतं आणि म्हणतं, “राहू द्या, पांढरीच द्या डझनभर.” (कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो बरं का, तिच्या राहणीवर नाही. तपकिरी अंडं पिंजऱ्यातलंही असू शकतं.)

आता त्याच गिऱ्हाइकाला विचारा, स्वस्त अंडी बहुधा जिथून येतात, त्या पंखही पसरता न येणाऱ्या पिंजऱ्यात कोंबडीला ठेवावं का? “छे हो!” म्हणेल. मग हा दुटप्पीपणा झाला का? मला नाही तसं वाटत.

अमेरिकेत हाच प्रश्न मतपत्रिकेवर आला. मॅसॅच्युसेट्समध्ये 2016 साली 77 टक्क्यांहून जास्त मतं पिंजऱ्याविरुद्ध पडली, कॅलिफोर्नियात 2018 साली 62 टक्क्यांहून जास्त. त्या काळात तिथल्या बहुतेक कोंबड्या पिंजऱ्यातच होत्या, म्हणजे दुकानात खपत होती तीही पिंजऱ्यातलीच अंडी.

दुकानात माणूस एकटा असतो. त्यानं महाग डझन घेतलं म्हणून एकही पिंजरा उघडत नाही, भुर्दंड मात्र त्याच्याच खिशाला. मत देताना तो सगळ्यांसाठी नियम मागतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं तर बाहेरच्या राज्यातून येणारी पिंजऱ्यातली अंडीही विकायला बंदी केली, म्हणजे स्वस्ताचा मोह फळीवरूनच गेला. त्याच कायद्यातल्या डुकरांच्या तरतुदींविरुद्ध डुक्करपालक तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2023 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. अर्थात मत देताना हातात बिल नसतं, हेही खरंच. आणि मतदार नेहमी प्राण्यांच्याच बाजूनं असतो असंही नाही: स्वित्झर्लंडमध्ये 2022 साली कारखानी पशुपालन बंद करण्याचा प्रस्ताव सुमारे 63 टक्के लोकांनी फेटाळला.

आपल्याकडे असं सार्वमत नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर विधी आयोगानं 2017 मध्ये अहवाल दिला, पण प्रचारसभेत त्याचं नाव कोण काढतंय? तिकडे शिरूर, खेडकडे निवडणुकीत बैलगाडा शर्यत मात्र गाजते. 2014 ची न्यायालयाची बंदी, 2017 ची राज्याची दुरुस्ती, 2021 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या शर्यती, 2023 चा घटनापीठाचा निकाल, सगळं तिथल्या पोरांनाही पाठ. प्राण्याच्या प्रश्नावर मत फिरू शकतं ते असं, आणि फिरतं तेही शर्यतीच्या बाजूनं.

उद्या कुणी कोंबडीसाठी मत मागायला उभा राहिलाच, तर आपल्या जिल्ह्यातले पोल्ट्रीवाले आधी विचारतील, पिंजरे काढून नवी शेड बांधायला पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर उमेदवाराकडे तयार हवं.

नमस्कार.