सगळ्यांचंच अर्जंट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: 'सामायिक साधनं, स्वतंत्र निर्णयकर्ते आणि अनेक प्रकल्पांचं वेळापत्रक'. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्ही प्रकल्प चालवता, नाहीतर शेजारच्या सभागृहात जागा मिळाली नाही.

क्रिटिकल पाथ, पर्ट वगैरे वेळापत्रक आखायच्या पद्धती, १९५०च्या दशकाअखेरची ही मंडळी, तुमच्या ओळखीची आहेत. त्यांनी कामांचा क्रम लावला, पण माणसं आणि यंत्रं लागतील तेवढी मिळतात असं मुळात धरलेलं होतं. १९६९ साली प्रिट्स्कर, वॉटर्स आणि वुल्फ यांनी एकाच साधनावर टपलेले अनेक प्रकल्प गणितात बसवले. गृहीत तरीही एक उरलंच: वेळापत्रक लावणारा एकच, आणि त्याला सगळे खरं सांगतात. आत्ता जे हसले, त्यांनी प्रकल्प चालवलेत.

मी एका ठिकाणी होतो, तिथं उष्णता-थंडीच्या चाचणीचं एकच चेंबर होतं आणि त्यावर तीन प्रकल्प. तिघांचे प्रमुख वेगळे, बजेट वेगळं, बोनसही वेगळा. चेंबरच्या दाराशी पांढरा फळा, त्यावर ज्यानं त्यानं आपली तारीख लिहायची. सुरुवातीला सगळे निळ्या पेननं लिहायचे. मग एकानं लाल पेन आणलं. पुढच्या आठवड्यात अख्खा फळा लाल! मग लालभोवती चौकट, चौकटीशेजारी उद्गारचिन्हं. दोन दिवसांचं काम असलं तरी 'असू द्या' म्हणून पाच दिवस अडवायचे. परिणाम असा की फळा महिनाभर भरलेला आणि चेंबर मात्र कितीदा तरी थंडगार, रिकामं. वरिष्ठांनी यावर उपाय काय काढला? समन्वय बैठक. दर सोमवारी. तिथं प्रत्येकजण आपला प्रकल्प कंपनीसाठी किती जीवनमरणाचा आहे ते सांगायचा आणि ज्याचा आवाज मोठा त्याला चेंबर मिळायचं. (आवाज बसलेल्या एका प्रमुखांचा प्रकल्प त्या तिमाहीत खरोखरच रखडला. हा विनोद नाही, हसू नका.) पुढं महागडं सॉफ्टवेअर आलं. त्यात हेच लाल आकडे भरले, आणि त्यानं तेच खोटं सुबक रंगीत पट्ट्यांत काढून दिलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

माझं म्हणणं एवढंच, की अडचण आकडेमोडीच्या आधीची आहे. खोटं बोलणं परवडतं, म्हणून लोक बोलतात. ते महाग करा. अर्थतज्ज्ञ व्हिक्रे यांचा १९६१चा लिलावाचा विचार, क्लार्क आणि ग्रोव्ह्ज यांनी १९७०च्या दशकात वाढवलेला, इथं उपयोगी पडतो: तुमच्यामुळे इतरांचं जेवढं नुकसान, तेवढे गुण, म्हणजे इथलं चलन, तुम्ही भरायचे.

उदाहरण घ्या. 'क'ला चेंबर १० दिवस हवं, थांबण्याचा तोटा रोज १ गुण. 'ख'ला २ दिवस, तोटा रोज ३. 'ख' आधी गेला तर 'क'चे २ गुण जातात, 'क' आधी गेला तर 'ख'चे ३०. म्हणून 'ख' आधी, आणि त्यानं २ गुण भरायचे. आता 'क'नं लाल पेन काढलं, तोटा रोज २० सांगितला, म्हणजे दोन दिवस थांबला तर कागदावर ४० जाणार, 'ख'च्या ३०पेक्षा जास्त. नंबर मिळाला, पण ३० गुण भरावे लागले, तेही २ गुणांचा तोटा वाचवायला. पुन्हा पेन काढेल?

आक्षेप मला माहीत आहेत. एक, हे गणित चालायला सर्वोत्तम वेळापत्रक लागतं, आणि मोठ्या पसाऱ्यात ते शोधणं अतिशय अवघड. अंदाजे उत्तरावर भागवलं तर खोटं बोलण्याची फट पुन्हा उघडू शकते. दोन, दिवसांबद्दलही थापा मारता येतात. तिथं अडवलेले पण न वापरलेले दिवसही वसूल करावे लागतील. तीन, भरलेले गुण कुणाच्याच खिशात जाता कामा नयेत, नाहीतर भरणाऱ्यांचा नवा डाव सुरू. आणि चौथा आक्षेप, जो मला सगळ्यात जड वाटतो: वरिष्ठ स्वतःच कधीतरी येऊन म्हणणार, 'हा प्रकल्प साहेबांचा आहे, याला गुण लावू नका.' त्यावर... हो, हो, थांबतो. प्रश्न असतील तर बाहेर चहापाशी.